घड्याळ चुकू द्या, पण रोज तेवढंच

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं घरी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांविषयी आहेत. जी एकसारखी होती ती मी एकत्र केली आहेत. माझी नोकरीची वर्षं मापनयंत्रांच्या कॅलिब्रेशनच्या टेबलावर गेली, त्यामुळे या विषयावर बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. संपादकांनी या खेपेला कात्री बाजूला ठेवली आहे, याची त्यांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि सेव्हन सेगमेंट डिस्प्ले वापरून मी घड्याळ केलं. प्रोग्राममध्ये एक हजार मिलिसेकंद थांबून सेकंद एकाने वाढवत होतो. ते दिवसाला दीड मिनिट मागे पडायचं. बोर्ड बदलला, तर दुसरा बोर्ड पुढे पळायला लागला. शेवटी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) डीएस१३०७ ही वेळ मोजणारी चिप आणि ३२ किलोहर्ट्झचं क्रिस्टल बसवलं. तरी रोज चार सेकंद मागे! क्रिस्टल अचूक असतं ना? आता काय बदलू?

आत्ता काहीही बदलू नका. आधी काय काय बिघडलं होतं ते पाहू, कारण तुमच्या पत्रात तीन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिन्हींना एकच औषध शोधताय.

पहिला आजार प्रोग्रामचा. हजार मिलिसेकंद थांबणं, मग आकडे बदलणं, मग पुन्हा थांबणं, यात आकडे बदलायला लागलेला वेळ कोणीच मोजत नाही. तो साचत जातो आणि घड्याळ मागे पडतं. या चुकीने घड्याळ कधीही पुढे जाणार नाही. म्हणजे दुसरा बोर्ड पुढे गेला तेव्हाच तुम्हाला दुसऱ्या आजाराचा पत्ता लागला होता, फक्त तुम्ही वैतागात तो पाहिला नाही. उनोच्या मुख्य चिपला ठेका देतो तो क्वार्ट्झचं क्रिस्टल नव्हे, सिरॅमिक रेझोनेटर. अर्ध्या टक्क्यापर्यंतची चूक त्याला माफ असते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो ४३२ सेकंद होतो, म्हणजे सात मिनिटं बारा सेकंद. तुमचं दीड मिनिट त्या मानाने सभ्यच म्हणायचं.

आता तिसरा. इथे आपल्याला पीपीएम हे माप लागेल, दहा लाखांत एक भाग. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. उलट हिशेब केला तर रोजचा एक सेकंद म्हणजे साधारण ११.६ पीपीएम. हा एवढा आकडा पाठ करा, बाकी सगळं तोंडी सुटतं. तुमचे चार सेकंद म्हणजे ४६ पीपीएम. साध्या क्रिस्टलवर २० पीपीएमची हमी असते. मग उरलेले २६ आले कुठून?

ते बहुधा ब्रेडबोर्डमधून आले. घड्याळाचं क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद मिळतो. पण ही थरथर त्याच्या दोन पायांमध्ये ठरावीक कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात) असेल तरच नेमकी असते. डीएस१३०७ ला १२.५ पिकोफॅरडसाठी बनवलेलं क्रिस्टल लागतं. तुम्ही सहा पिकोफॅरडचं बसवलं असेल तर ते नक्की मागे पडणार, आणि दोन्ही दिसायला जुळ्या भावंडांसारखी असतात. त्यात ब्रेडबोर्डच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि लांब जम्पर वायर आपापले एक-दोन पिकोफॅरड फुकट घालतात. कपॅसिटन्स वाढला की थरथर मंदावते. याउलट या चिपचं घड्याळ खूप पुढे पळत असेल, तर शेजारच्या तारांमधला गोंगाट क्रिस्टलच्या पायांत शिरून जास्तीचे ठोके मोजले जात असतात. म्हणजे मागे पडलं तर कपॅसिटन्स पाहा, पुढे पळालं तर गोंगाट पाहा. क्रिस्टल चिपला अगदी चिकटून सोल्डर करा आणि त्याखालून दुसरी कोणतीही तार नेऊ नका.

आणि कृपा करून लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायाला लावू नका. मी लावला होता. घड्याळ थांबलं, मी क्रिस्टल बदललं, पुन्हा प्रोब लावला, पुन्हा थांबलं. तीन क्रिस्टलं कचऱ्यात गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की प्रोबचेच दहा-बारा पिकोफॅरड त्या बिचाऱ्याचा गळा दाबत होते. मोजायचंच असेल तर चिपच्या चौकोनी लहरीच्या पिनवर मोजा. तिथे पुल-अप रेझिस्टर (पिन आणि सप्लायचं व्होल्टेज यांना जोडणारा) लागतो, तो विसरलात तर पिन मेलेली वाटेल.

उरला हवामानाचा भाग. या क्रिस्टलांना २५ अंश सेल्सिअस मानवतो. त्याच्या वर जा की खाली, घड्याळ मागेच पडतं, आणि ते फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात : दर वर्ग अंशाला साधारण ०.०३५ पीपीएम. ३५ अंशाला साडेतीन पीपीएम, म्हणजे दिवसाला ०.३ सेकंद. ४५ अंशाला १४ पीपीएम, म्हणजे १.२ सेकंद. खोका बंद करून आत गरम होणारा पॉवर सप्लाय ठेवलात तर हे ४५ अंश घरबसल्या मिळतात. मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ बरं चालतं त्यात मनगटाचाही वाटा असतो. कातडीच्या उबेने त्याचं तापमान फारसं हलत नाही. तेच घड्याळ महिनाभर कपाटात ठेवून पाहा.

काहीही बदलू नका म्हटलं ते यासाठी : आधी एक वही करा. रोज ठरलेल्या वेळी घड्याळ किती सेकंद मागे किंवा पुढे आहे ते लिहा, शेजारी खोलीचं तापमान लिहा, आणि मधे घड्याळ *लावू नका*. लावलंत की मागचं सगळं पुसलं गेलं. महिन्याने जर दिसलं की ते रोज बरोबर चार सेकंदच मागे पडतंय, तर तुमच्याकडे उत्तम घड्याळ आहे. प्रोग्राममध्ये दर सहा तासांनी एक सेकंद वाढवा आणि झोपा. पण आज दोन, उद्या सात, परवा एक असं असेल, तर ते सरासरीने कितीही बरोबर असो, मी ते घरात ठेवणार नाही.

प्रश्न : डीएस३२३१ या वेळ मोजणाऱ्या चिपच्या छोट्या निळ्या मॉड्युलवरचा बटण सेल काही आठवड्यांत फुगला. पोलॅरिटी बरोबर होती. असं का?

सेल लगेच काढा. अशा बऱ्याच मॉड्युलांवर २०० ओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड मिळून चार्जिंगचा रस्ता केलेला असतो. तो एलआयआर२०३२ या पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. तुम्ही घातला असणार सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतो. तुमची चिप पाच व्होल्टवर आहे म्हणजे त्या तीन व्होल्टच्या सेलमध्ये दिवसरात्र करंट ढकलला जात होता. तो रेझिस्टर किंवा डायोड सोल्डरिंग आयर्नने उचला आणि मग नवा सीआर२०३२ बसवा. चार्ज होणारा सेलसुद्धा पाच व्होल्टवर या सर्किटमध्ये मला नको वाटतो, कारण त्याची मर्यादा ४.२ व्होल्ट आहे.

प्रश्न : माझं डीएस३२३१ चाळीस दिवसांत ४.८ सेकंद पुढे गेलं. तुम्ही मागे एकदा या चिपची स्तुती केली होती म्हणून ती घेतली. सदोष आहे का?

स्तुती मागे घेत नाही. या चिपला शून्य ते चाळीस अंशांत दोन पीपीएमची मुभा आहे, म्हणजे चाळीस दिवसांत जवळजवळ सात सेकंद. तुमची चिप त्याच्या आत आहे. ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि क्रिस्टलवरचा कपॅसिटन्स स्वतःच कमी-जास्त करते. वरच्या पत्रातल्या वर्गाच्या प्रमाणातल्या चुकीचा काटा तिने आधीच काढलेला असतो. उरते ती जवळजवळ स्थिर चूक, आणि स्थिर चुकीवर उपाय फार सोपा.

तुमची वही सांगते रोज ०.१२ सेकंद पुढे. भागिले ०.०८६४ म्हणजे १.३९ पीपीएम. या चिपमध्ये 'एजिंग' नावाचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा लिहून ठेवायची जागा, आहे. त्यातला एक आकडा खोलीच्या तापमानाला साधारण ०.१ पीपीएमचा. धन आकडा घड्याळ मंद करतो, ऋण आकडा जलद. तेव्हा तिथे १४ लिहा. परिणाम पुढच्या तापमान-मोजणीला लागू होईल, लगेच दिसला नाही म्हणून २८ लिहू नका. (हे मी केलेलं आहे.)

घड्याळ लावताना एक गोष्ट पाळा. सेकंदाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं की आतली मोजणी त्या क्षणी नव्याने सुरू होते. म्हणून बटण दाबायचं ते नवा सेकंद सुरू होतो त्याच क्षणी. नाहीतर तुमचं घड्याळ अर्धा सेकंद चुकीचं लागेल आणि तो अर्धा सेकंद तुम्ही चाळीस दिवस चिपच्या माथी माराल.

अनेकांनी विचारलं आहे की घरात एवढं बारीक मोजायचं कसं. तुमचं घड्याळ आणि ज्याच्याशी ताडायचं ते, अशा दोन्ही घड्याळांचे डिस्प्ले शेजारी ठेवून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सेकंदाला ६० चित्रं असतील तर १७ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक एकेक चित्र पुढे सरकवून दिसतो. पण खरं हत्यार कॅमेरा नाही, कॅलेंडर आहे. दोन नोंदींमध्ये महिना जाऊ दिलात, तर नुसत्या डोळ्यांनी ओळखलेला ०.१ सेकंदाचा फरकसुद्धा ०.०४ पीपीएम होतो. एवढं बारीक एका दुपारी मोजायचं तर चांगला फ्रीक्वेन्सी काउंटर आणि त्याला तोलामोलाचा संदर्भ लागेल.

प्रश्न : जीपीएस मॉड्युल जोडलं तरी घड्याळ एक सेकंद मागे दिसतं. शिवाय सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं ते दोन सेकंद पुढे असतं आणि मग अचानक तीन सेकंद मागे उडी मारतं. उपग्रहावर अणुघड्याळ असून हे कसं?

उपग्रहांना बोल लावू नका, तुम्ही निरोप्यालाच घड्याळ समजलात.

मॉड्युल दोन गोष्टी देतं. एका पिनवर दर सेकंदाला एक ठोका येतो, त्याला पीपीएस म्हणतात. सीरियल पिनवर अक्षरांत लिहिलेली वेळ येते. ठोका अत्यंत नेमका असतो. हौशी लोक वापरतात त्या मॉड्युलांतही त्याची चूक ३० नॅनोसेकंदांच्या आसपास सांगितलेली असते. अक्षरं मात्र ठोक्यानंतर रमतगमत, काहीशे मिलिसेकंदांनी येतात आणि *होऊन गेलेल्या* ठोक्याची वेळ सांगतात. ती वाचून तुम्ही पुढच्या ठोक्याला तीच वेळ दाखवता, म्हणून एक सेकंद मागे. वाचलेल्या वेळेत एक मिळवून ठेवा आणि ठोका आला की दाखवा. ठोका इंटरप्टच्या पिनवर (जिची दखल चिप हातातलं काम थांबवून लगेच घेते) थेट घ्या. यूएसबीमधून फिरवून आणलात तर नॅनोसेकंदांचे मिलिसेकंद होतील.

तीन सेकंदांची उडी मला जास्त आवडली. जीपीएसची मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली आणि तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला घातलेला जादा सेकंद) घालत नाहीत. जागतिक वेळेत त्यानंतर १८ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीला. म्हणून मॉड्युलला जीपीएसच्या वेळेतून १८ वजा करावे लागतात. हा आकडा उपग्रह स्वतःच पाठवतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर मॉड्युल आपल्या पोटातला जुना आकडा वापरतं. तुमचं मॉड्युल बहुधा १५ वजा करत होतं, आणि १५ हा आकडा २००९ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत बरोबर होता. म्हणजे तुमच्या मॉड्युलचा प्रोग्राम कुठल्या काळातला आहे, हे त्या उडीने सांगून टाकलं! उपाय एकच : सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. अँटेनाला मोकळं आकाश द्या. तारेच्या लांबीची काळजी करू नका, मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद उशीर होतो आणि तुमचा डिस्प्ले तो पाहणार नाही.

प्रश्न : जुनं रुबिडियम मॉड्युल (छोटं अणुघड्याळच) घेऊन भिंतीवरचं घड्याळ करावं म्हणतो. की ओसीएक्सओ घेऊ?

भिंतीवरच्या घड्याळासाठी? नको. डीएस३२३१ ला महिन्यातून एकदा जीपीएसशी ताडून पाहिलंत तरी तुमचा डोळा तक्रार करणार नाही.

पण तुमचा खरा प्रश्न घड्याळाचा नसावा. हा नाद लागला की माणूस सेकंद पाहणं सोडतो आणि आलेख पाहायला लागतो, आणि मग ओसीएक्सओ घ्यावाच. हा म्हणजे छोट्याशा भट्टीत बसवलेलं क्रिस्टल. भट्टीचं तापमान कायम राखलेलं असतं, म्हणून बाहेरच्या हवेचा त्रास खूप कमी होतो. संपत नाही. माझ्या टेबलावरच्या दहा मेगाहर्ट्झच्या ओसीएक्सओच्या आलेखाला रोज दुपारी एक टेंगूळ यायचं. मी पॉवर सप्लाय बदलला, तारा बदलल्या, दोन आठवडे चिडचिड केली. शेवटी कळलं की दुपारी मी टेबलावरचा पंखा लावत होते. वर एक पुठ्ठ्याचा खोका पालथा घातला, टेंगूळ गेलं. मग ओसीएक्सओच पालथा ठेवून पाहिला तर फ्रीक्वेन्सी सरकली. गुरुत्वाकर्षणाचा ताण क्रिस्टलवर उलट दिशेने पडतो, तेवढंसुद्धा त्याला कळतं.

ओसीएक्सओ शांत असतो, पण महिनोन्महिने एकाच दिशेला हळूहळू वाहवत जातो. जीपीएसचा ठोका प्रत्येक सेकंदाला इकडेतिकडे उडतो, पण वर्षभरात कुठेही वाहवत जात नाही. दोघांची सोयरीक लावली की जीपीएसच्या लगामातला ऑसिलेटर तयार होतो. सगळी कला एका आकड्यात आहे : लगाम किती वेळाने ओढायचा. दर दहा सेकंदांनी ओढलात तर जीपीएसची चुळबुळ शांत क्रिस्टलला लागते. दिवसातून एकदाच ओढलात तर क्रिस्टल तोवर भटकतं. बऱ्या ओसीएक्सओसाठी उत्तर हजार सेकंदांच्या आसपास कुठेतरी मिळतं, आणि ते शोधायला जो आलेख काढतात त्याची रीत डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडली.

आणि रुबिडियम-सीझियमची हौस कुठवर जाते ते सांगते. २००५ साली अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने तीन सीझियम घड्याळं गाडीत घातली, मुलांना घेतलं आणि माउंट रेनियरच्या डोंगरावर जवळजवळ दोन दिवस मुक्काम केला. घरापेक्षा सुमारे १,३४० मीटर उंचीवर. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे वर घड्याळ जलद चालतं, हिशेबाने २२ नॅनोसेकंद पुढे जायला हवं होतं. घरी परतून घड्याळं ताडून पाहिली तर फरक जवळपास तेवढाच निघाला. असलं काही डोक्यात असेल तर जरूर घ्या, मला आधी कळवा, मी येते.

प्रश्न : मावशी, मी नववीत आहे. मी दोन घड्याळं बनवली. सारखाच सर्किट, सारखाच प्रोग्राम. एका आठवड्यात दोघांत सात सेकंदांचा फरक पडला. चुकीचं कोणतं? आणि सगळ्यात बरोबर घड्याळ कुठे असतं?

या महिन्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुझा, म्हणून शेवटी ठेवला.

दोन घड्याळांवरून ते ठरवता येत नाही. भांडण कळतं, खोटं कोण बोलतंय ते कळत नाही. तिसरं बनव. मग पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं आणि पहिलं-तिसरं अशा तीन जोड्यांचे फरक रोज लिही. समज, पहिलं-तिसरं यांच्यातला फरक रोज सारखाच वाढतोय, पण दुसरं ज्या ज्या जोडीत येतं त्या जोडीचा फरक वेडावाकडा आहे. तर गोंधळ दुसऱ्याचा. बाहेरचं कोणतंही घड्याळ न पाहता तू हे ओळखलंस.

मोठी माणसं हेच करतात, फक्त तीनऐवजी सुमारे साडेचारशे अणुघड्याळं घेऊन. ती जगभरातल्या ऐंशीच्या आसपास संस्थांत आहेत. त्यांची भांडणं पॅरिसजवळ सेव्हर इथे असलेल्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे ब्यूरोत जमा होतात. तिथे हिशेब करून सगळ्यांची मिळून एक सरासरी काढतात, आणि तीच जगाची अधिकृत वेळ. म्हणजे सगळ्यात बरोबर घड्याळ अशी वस्तू कुठेच टांगलेली नाही. प्रत्येक देशाची प्रयोगशाळा आपापल्या घड्याळावर वेळ दाखवते आणि ती सरासरीपेक्षा किती नॅनोसेकंद इकडेतिकडे होती, ते पुढच्या महिन्यात 'सर्क्युलर टी' नावाच्या पत्रकातून तिला कळतं. आत्ता नेमके किती वाजले आहेत, हे शेवटच्या नॅनोसेकंदापर्यंत आत्ता कोणालाच सांगता येत नाही.

त्या सरासरीत सगळ्या घड्याळांना सारखं मत नसतं. २०१४ पासून जास्त मत त्या घड्याळाला मिळतं, ज्याची पुढची चाल आधी सांगता येते. ते रोज थोडं पुढे जात असलं तरी चालतं, फक्त किती जाईल ते आधी कळायला हवं. तेव्हा तुझ्या दोघांपैकी कोणतं मागे पडतंय याची आत्ता चिंता करू नकोस. तिसरं तयार झालं की वही आडवी धर, म्हणजे तीन रकाने नीट मावतील. आणि चौथा रकाना खोलीच्या तापमानाचा ठेव, तो सगळेच विसरतात.